डोळ्यांनी सोळा, कानांनी चोवीस

१

वॉर्डात तिला सगळे मिनिटताई म्हणत. पाठीमागे म्हणत, तोंडावरही म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे. नाव पडायचं कारण साधं होतं. रोग्याचा श्वास मोजायचा तर ती पूर्ण एक मिनिट मोजायची. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं, हा प्रकार तिला मुळीच मान्य नव्हता. “श्वास म्हणजे काय भाजी आहे का, पावशेर तोलून किलोचा भाव काढायला?” असं ती म्हणायची.

तिची मोजायची रीतही ठरलेली. आधी मनगट हातात घ्यायचं, तीन बोटं नाडीवर ठेवायची. अंगठा कधीही नाही, कारण अंगठ्याला स्वतःची नाडी असते, आणि भलत्या वेळी माणूस रोग्याची सोडून आपलीच नाडी मोजत बसतो. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. तसंच धरून ठेवायचं, नजर घड्याळावर आहे असं दाखवायचं आणि गुपचूप छाती बघायची. वर गेली, खाली आली, एक. रोग्याला वाटतं, बाई अजून नाडीच बघताहेत. श्वास मोजला जातोय हे कळलं की भलाभला माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून ही चोरी.

या काटेकोरपणाला एक जुनी जखम होती. बावीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच वर्षी, तिने एका बाळंतिणीच्या तक्त्यावर न मोजता ‘१८’ लिहिलं होतं. घाई होती, बाई हसून बोलत होती, सगळं ठीक दिसत होतं. तासाभराने दुसरं कुणी मोजलं तेव्हा ती बाई मिनिटाला चौतीस श्वास घेत होती. संध्याकाळपर्यंत ती गेली. कुणी मिनिटताईला दोष दिला नाही. पण तक्त्यावर अक्षर तिचं होतं. त्या दिवशी तिने कानाला खडा लावला.

तिच्या पाळीनंतर येणारी सिस्टर दहा-बारा वर्षांनी लहान होती. सगळी कामं चुटकीसरशी उरकायची, म्हणून तिचं नाव चुटकी. हाताला हलकी, सुई टोचलेली कळायची नाही, रोगी तिच्यावर खूश. फक्त श्वासाच्या रकान्यात तिची सगळी माणसं अठरावर असत.

“अगं, सगळ्यांचे अठरा कसे?” मिनिटताईने एकदा विचारलं होतं.

“ताई, माणूस जिवंत असला की अठरा असतातच. नसला तर ते आपल्याला वेगळं कळतं,” चुटकी म्हणाली होती, आणि दोघी हसल्या होत्या.

२

वॉर्डाच्या टोकाला एक साइड रूम होती. एक कॉट, सोबतीच्या माणसासाठी एक बाक, कोपऱ्यात बेसिन. खिडकी उघडली की समोर शेजारच्या इमारतीची कोरी भिंत. कॉटची एक बाजू भिंतीला जवळजवळ टेकलेली, मध्ये जेमतेम वीतभर फट. उशाशी भिंतीत ऑक्सिजनचा नळ आणि त्याखाली पाण्याची छोटी बाटली, तिच्यातून दिवसभर बुडबुडे निघत.

त्या खोलीत एक निवृत्त गणिताचे मास्तर आले. जिन्यावरून पडून बरगड्या मोडल्या होत्या आणि मागोमाग छातीत कफ झाला होता. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, दुखणं थांबवायला दिवसातून चार वेळा औषध. तशातही मास्तरांची जीभ शाबूत होती.

“सिस्टर, आज किती मार्क?” ते मास्कच्या आतून विचारत.

“नाडी शहात्तर, ताप नाही, रक्तदाब चांगला.”

“आणि श्वास?”

“तो मी केव्हा मोजते ते तुम्हाला कळू द्यायचं नसतं.”

“कॉपी पकडायला मी पण असाच फिरायचो,” मास्तर म्हणत आणि हसताना बरगडी धरत. बाकावर बसलेल्या त्यांच्या बायको, वॉर्डातल्या सगळ्यांच्या काकू, म्हणत, “हसू नका हो, दुखेल.” आणि स्वतःच हसत.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या फेरीला मिनिटताई आत गेली तेव्हा मास्तर झोपले होते. काकू जेवायला खाली गेल्या होत्या. मास्तर भिंतीकडे तोंड करून, मानेपर्यंत पांघरूण घेऊन निजले होते. छाती दिसत नव्हती. झोपमोड नको म्हणून तिने वाकून कान जवळ नेला, घड्याळ डोळ्यांसमोर धरलं आणि आवाजावरून मोजलं.

चोवीस.

काल सोळा होते. सोळाचे चोवीस म्हणजे कफ वाढला की काय? तिने हलकेच पांघरूण खाली ओढलं आणि पाठीवर नजर ठेवून पुन्हा मोजलं. पाठ वर येत होती, खाली जात होती. मिनिट भरलं.

सोळा.

तिच्या मनात पाल चुकचुकली. ती पुन्हा वाकली. डोळे मिटले. चोवीस. डोळे उघडले. सोळा.

बावीस वर्षांत तिचा आकडा असा कधी फसला नव्हता. तिने तक्त्यावर ‘१६’ लिहिलं, कारण छाती खोटं बोलत नाही, आणि पेन खिशात ठेवताना तिला जाणवलं की आपण पाय न वाजवता बाहेर चाललो आहोत.

३

दुसऱ्या दिवशी तिने पद्धतशीर तपास केला. ती घाबरट नव्हती. प्रेत धुताना गाणं गुणगुणणारी बाई ती.

पहिला संशय पाण्याच्या बाटलीवर. पण बुडबुड्यांचा आवाज सलग होता, त्याला वर-खाली नव्हतं. दुसरा संशय भिंतीवर. पलीकडे चादरींची कोठी होती. कुलूप उघडून ती आत उभी राहिली, भिंतीला कान लावला, काही नाही. बेसिनचा नळ घट्ट होता. खिडकी बंद होती. काकूंना तिने दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगितलं. मग स्वतःचा श्वास रोखून ती कॉटशी उभी राहिली, कारण न जाणो, आपलाच मोजत असू.

मास्तरांचा श्वास ओळखू येत होता. किंचित घरघर, शेवटी छोटा सुस्कारा. आणि त्या दोन श्वासांच्या मधल्या जागेत दुसरा एक होता. कोरडा, लांबलचक. बराच वेळ आत जाणारा आणि त्याहून सावकाश बाहेर येणारा. मिनिटाला आठच. इतका संथ श्वास तिने फक्त मरणाऱ्या माणसांचा ऐकला होता.

तो येत होता कॉटच्या पलीकडून. वीतभर फटीतून, जिथे मांजरही धड उभं राहिलं नसतं.

दुपारी पाळी बदलताना तिने चुटकीला बोलावून घेतलं. “जरा इथे उभी राहा. डोळे मीट आणि ऐक.”

चुटकीने पाच-सात सेकंद डोळे मिटले. “ऑक्सिजन बुडबुडतोय, ताई.”

“ते सोड. श्वास ऐक.”

“ऐकला की. घेताहेत छान.” तिने मिनिटताईकडे बारकाईने पाहिलं. “ताई, घरी सगळं ठीक ना? भावोजींचं पाठदुखीचं काय झालं?”

“माझ्या घरचं काही नाही गं.”

“मग उद्या सुट्टी घ्या. चेहरा बघा कसा ओढलाय.”

मिनिटताई पायऱ्या उतरत असताना चुटकीने तक्ता भरला. नाडी बरोबर, रक्तदाब बरोबर. श्वास, अठरा.

४

तिने सुट्टी घेतली नाही. सकाळी दहा आणि दुपारी दोन, तिच्या वाट्याच्या दोन्ही फेऱ्यांना ती दोनदा मोजायची. एकदा डोळ्यांनी, एकदा कानांनी. डोळ्यांचा आकडा तक्त्यावर जाई. कानांचा ती एप्रनच्या खिशातल्या चिठ्ठीवर लिही.

पाचव्या दिवशी मास्तर चौदावर आले. सहाव्या दिवशी बारावर. कानांनी मात्र चोवीसचे चोवीस.

वजाबाकी करायला गणिताचे मास्तर लागत नव्हते. आठ होते ते दहा झाले होते, दहाचे बारा. तो दुसरा श्वास सुधारत होता. कोरडेपणा गेला होता, लय आली होती. पंचवीस माणसांच्या वॉर्डात असा तक्ता दिसला असता तर तिने म्हटलं असतं, चला, हा रोगी वाचला.

“झोप कशी लागते?” तिने मास्तरांना विचारलं.

“फार छान.” त्यांना बोलताना हल्ली शब्द शोधावे लागत. “इतकी गाढ झोप तरुणपणीही नव्हती हो. कसं सांगू… माझ्या वाट्याचं काम कुणीतरी वाटून घेतल्यासारखं वाटतं.”

“कोण वाटून घेतंय?”

मास्तरांनी विचार केला. उत्तर द्यायच्या आधीच त्यांचे डोळे मिटले.

काकू बाकावरून म्हणाल्या, “दिवसभर असेच झोपतात आता. डॉक्टर म्हणतात, चांगलं आहे, आराम मिळतोय. पण सिस्टर, एक सांगू? हसाल तुम्ही.”

“नाही हसणार.”

“चव्वेचाळीस वर्षं यांच्या शेजारी झोपले मी. यांचा श्वास मला पाठ आहे. इथे बसल्या बसल्या माझा डोळा लागतो ना, तेव्हा मला तो ऐकू येतो, आणि वाटतं, हा यांचा नाही.” त्यांनी पदराने डोळे टिपले. “म्हातारपणी काय काय सुचतं बघा.”

मिनिटताई हसली नाही. ती तडक डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टर तरुण होते, हुशार होते, आणि दोन वॉर्ड सांभाळत होते. त्यांनी तक्ता उलटसुलट पाहिला. “बारा? पण काल संध्याकाळी अठरा आहेत. परवा अठरा. ऑक्सिजन शहाण्णव, नाडी चांगली. तुमचेच आकडे तेवढे खाली जाताहेत.”

“कारण मी मोजते.”

ते वाक्य तोंडातून निसटलं आणि तिला वाईट वाटलं. चुटकी मागेच औषधांची ट्रॉली लावत होती. तिचे हात थांबले होते.

“सिस्टर, चिमटा शहाण्णव दाखवतोय,” डॉक्टर सौम्यपणे म्हणाले. “उगाच साप साप म्हणून भुई कशाला धोपटायची? लक्ष ठेवा. दहाच्या खाली गेले तर मला हाक मारा.”

कानांचा आकडा तिने त्यांना सांगितला नाही. सांगून काय सांगणार होती?

५

सातव्या दिवशी सकाळी दहाला मास्तर दहावर होते. ती डॉक्टरांकडे धावली. ते ऑपरेशनमध्ये अडकले होते, निरोप ठेवला. मेट्रनबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, दहा म्हणजे दहाच्या खाली नव्हे. मधल्या वेळात तिने दोनदा डोकावून पाहिलं. दोनच्या फेरीपूर्वी तिने काकूंना खाली चहाला पाठवलं, आत गेली आणि दार लोटून घेतलं.

आज तिला तो दुसरा श्वास नीट मोजायचा होता. नुसती वजाबाकी नको. प्रत्यक्ष, पूर्ण एक मिनिट.

त्यासाठी तिने तीच जुनी चोरी वापरली. मास्तरांचं मनगट धरलं, तीन बोटं ठेवली. नजर मास्तरांच्या छातीवर, जणू सगळं लक्ष तिथेच आहे. आणि कान पलीकडे. ज्याचा मोजायचा त्याला कळू द्यायचं नाही.

खिडकीतून पांढरट उजेड आत पडला होता. बाहेर कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली. बाटलीत बुडबुडे चालू होते. एक. दोन. तीन. तो श्वास आता मोकळा होता, मऊ होता. एखादं धडधाकट माणूस खुर्चीत निवांत बसावं तसा. नऊ. दहा. मास्तरांची छाती वर येता येता मध्येच विसरल्यासारखी थांबे. चौदा. पंधरा.

“सोळा,” ती म्हणाली.

सवयीने म्हणाली. शेवटचा आकडा ती नेहमी पुटपुटायची.

श्वास थांबला.

संपला नाही, थांबला. आत घेतलेला आतच राहिला. दार वाजल्यावर चोराने रोखून धरावा तसा. मिनिटताईने पुष्कळ थांबलेले श्वास ऐकले होते, तिला दोन्हींतला फरक कळत होता. मास्तरांचं मनगट तिच्या हातात होतं, आणि घड्याळाचा काटा फिरत होता. वीस सेकंद. तीस.

मग तो पुन्हा सुरू झाला. पण लय बदलली होती. तो जलद होता, उथळ होता, आणि तिला तो कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला. ती लय तिची स्वतःचीच होती, हे ध्यानात यायला तिला थोडा वेळ लागला. ती घेत होती तेव्हा तो घेत होता. ती सोडत होती तेव्हा सोडत होता. तिने श्वास रोखला. खोलीत नुसते बुडबुडे उरले.

तिची नजर मास्तरांच्या मास्ककडे गेली. पारदर्शक प्लास्टिकवर आतून धुकं यायचं आणि विरायचं, छातीबरोबर. मिनिटाला जेमतेम आठदा. ते तसंच चाललं होतं. आणि त्याच्या वर, नाकाच्या बाजूला, रुपयाएवढा दुसरा एक डाग होता. तिने श्वास सोडला तसा तो पसरला. घेतला तसा आक्रसला.

तिने बोट पुढे केलं आणि त्या डागावरून फिरवलं. बोट ओलं झालं.

डाग बाहेरच्या बाजूने होता.

पुढचं तिला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. कॉटच्या चाकांचे अडसर लाथेने उघडले ते आठवतं. भिंतीतली नळी उपटून दाराशी ठेवलेलं छोटं सिलिंडर कॉटवर टाकलं, मास्क त्याला जोडला ते आठवतं. कॉट दाराला धडकली, आणि ती ओरडली, “चुटकी! धाव गं!” पाळीसाठी नुकतीच आलेली चुटकी एप्रनची गाठ तशीच सोडून धावली, आणि दोघींनी मिळून मास्तरांना वॉर्डाच्या मध्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ओढून आणलं.

६

तिथे, पंचवीस जणांच्या खोकल्या-कण्हण्यात, मिनिटताईने खाली वाकून पुन्हा मोजलं. डोळ्यांनी आठ. कानांनी आठ.

डॉक्टर हातमोजे काढत आले. मास्तरांना हलवलं, हाका मारल्या, पापण्या उघडून पाहिल्या. बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी. “दुखण्याचं औषध अंगात साठलंय,” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. “याने श्वास मंदावतो. ऑक्सिजन चालू असला की चिमट्यावर कळतही नाही.” उतारा टोचला. दोन मिनिटांत मास्तरांनी खोल श्वास घेतला, डोळे उघडले, आणि बरगडीला हात लावून जोरात कळवळले. ते कळवळणं ऐकून काकू मटकन खाली बसल्या आणि मास्तरांचे पाय धरून रडल्या.

तेव्हा मिनिटताईच्या जिवात जीव आला. औषध. बरं झालं, कारण सापडलं. कारण सापडलं की माणूस त्याला धरून उभा राहतो. मग दुसरा श्वास म्हणजे तिच्या कानांचा खेळ, आणि डाग म्हणजे दमट हवा. असं तिने स्वतःला तीन वेळा सांगितलं.

डॉक्टर तिच्याजवळ आले. “सिस्टर, तुमचा आकडा मी मानायला हवा होता.”

चुटकी तक्ता हातात घेऊन उभी होती, स्वतःच्या अक्षरातल्या अठरांच्या ओळीकडे बघत. मिनिटताईने तिच्या खांद्यावर हात ठेवला. बाळंतिणीची गोष्ट तिने आजवर कुणालाच सांगितली नव्हती. त्या संध्याकाळी, कपडे बदलायच्या खोलीत, चुटकीला सांगितली.

मास्तर वॉर्डातच राहिले. तीन दिवसांत सोळावर आले. एकदा मिनिटताई मनगट धरून उभी असताना ते हळूच म्हणाले, “परत सगळं काम मलाच करावं लागतंय, सिस्टर.”

“कंटाळा आला?”

“नाही हो.” त्यांनी साइड रूमच्या बंद दाराकडे पाहिलं. “पण सोबत वाईट नव्हती. तेच वाईट होतं.”

आठवड्याभराने काकूंचा हात धरून ते घरी गेले.

७

वॉर्ड भरलेला असताना खोली किती दिवस रिकामी ठेवणार? मास्तर गेले त्याच दिवशी मेट्रनबाईंनी सांगितलं, उद्या दुपारी चारला पोटाच्या ऑपरेशनची एक बाई साइड रूममध्ये येईल, तयारी करा.

दुसऱ्या दिवशी दोनची फेरी आटोपून मिनिटताई एकटीच तिकडे गेली. घाबरून जायचं कारण नाही, ती स्वतःला म्हणत होती. आपण फक्त खात्री करून घेऊ. धुतलेल्या फरशीचा वास येत होता. कॉटवर कोरी चादर. ऑक्सिजनचा नळ बंद, बाटली कोरडी. तिने दार लोटलं, बरोबर आणलेल्या खुर्चीवर बसली, घड्याळ समोर धरलं.

शांत होतं. इतकं शांत की तिला बरं वाटलं. दूर कुठेतरी बादलीचा आवाज झाला. तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं, पाय हलके झाले. किती वर्षांनी अशी बसतेय, तिच्या मनात आलं. घड्याळातला काटा फिरत होता. ती मोजत होती की नव्हती, हे तिला नक्की सांगता येत नाही. कुणीतरी मोजत होतं एवढं तिला वाटत होतं, आणि त्यामुळे आता आपण मोजायची गरज नाही, असंही वाटत होतं.

मग कुणीतरी तिचं मनगट घट्ट धरलं. खुर्ची मागे जोरात ओढली गेली, तिचे पाय फरशीवरून घासत गेले, उंबरठ्यावर खुर्ची आदळली, आणि ती खोलीबाहेर आली. छातीत थंडगार हवा शिरली आणि ती खोकत सुटली.

समोर चुटकी होती. चेहरा पांढराफटक.

“किती वाजले?” मिनिटताईने विचारलं.

“पावणेतीन.” चुटकीने पाठीने दार ढकलून बंद केलं आणि पाठ तशीच लावून उभी राहिली. “हाका मारत होते तुम्हाला. तुम्ही डोळे उघडे ठेवून बसला होता, ताई.”

“तू मोजलेस?”

“पूर्ण एक मिनिट. मनगट धरून, तुम्ही शिकवलंत तसं.” तिने हात मागे नेऊन दाराची कडी ओढली. “आठ.”

मिनिटताईला औषध कुणी दिलेलं नव्हतं.

८

त्या दिवशी मिनिटताईने चुटकीला खिशातली कानांच्या आकड्यांची चिठ्ठी दाखवली, आणि दोघींनी मिळून एक अर्ज लिहिला. साइड रूममधल्या ऑक्सिजनच्या नळीला गळती आहे, खोली वापरण्यास धोक्याची आहे. नळीला काही झालं नव्हतं. मिनिटताईने पेन उघडलं, आणि तिचा हात कागदावर थांबला. बावीस वर्षांत तिने खोटं अक्षर लिहिलं नव्हतं.

“आणा इकडे,” चुटकी म्हणाली. “इतकी वर्षं अठरा लिहिले मी. हे एक शेवटचं माझ्या नावावर.” तिने सही केली. मिनिटताईने क्षणभर पाहिलं, आणि खाली आपलीही केली.

खोलीला कुलूप लागलं. पोटाच्या ऑपरेशनची बाई वॉर्डात आली, बरी होऊन गेली. दुरुस्तीवाला दोनदा आला. दोन्ही वेळा दोघींपैकी एकीने किल्ली सापडत नाही म्हणून त्याला परत पाठवला. चुटकीच्या तक्त्यांवर आता सतरा दिसत, एकवीस दिसत, तेवीस दिसत.

एक प्रश्न मात्र मिनिटताईच्या मनातून जाईना. महिन्याभराने, दुपारच्या निवांत वेळी, ड्यूटी रूममध्ये चहा घेताना तिने तो विचारलाच.

“त्या दिवशी डोळ्यांनी आठ, म्हणालीस. कानांनी किती होते?”

चुटकीने कप खाली ठेवला.

“श्वास नाही ऐकू आला, ताई.”

“मग?”

“मी तुमच्या छातीकडे बघून मोजत होते. मनातल्या मनात. एक, दोन… आणि मला ते आकडे ऐकू येत होते. अगदी हळू, कानाजवळ. मला वाटलं, मीच पुटपुटतेय तुमच्यासारखी. म्हणून ओठ दाबून धरले.” तिने मिनिटताईकडे पाहिलं. “तरी पुढचा आकडा ऐकू आला.”

खिडकीबाहेर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत गेलं. मिनिटताईने चहाचा घोट घेतला. तो गार झाला होता. विचारू नये असं तिला वाटत होतं. पण जन्मभर केलेलं काम अंगातून जात नाही.

“बरोबर होता?” तिने विचारलं.

“बरोबर होता, ताई,” चुटकी म्हणाली. “पूर्ण मिनिटभर. एकही चुकला नाही.”